कर्ज फिटलं, खरेदीखत काही मिळेना (सातारा)

कण्हेर

लांबलचक होणार आहे, आधीच सांगते. बँकेचं नाव लिहीत नाही. मोठी आहे, देशभर शाखा आहेत, आणि ह्यांची पेन्शन तिथेच जमा होते, एवढं पुरे.

शाहूपुरीतलं घर आम्ही कर्ज काढून घेतलं होतं. हप्ता कधी चुकला नाही. ह्यांच्या ग्रॅच्युइटीतून कर्जाची उरलेली सगळी रक्कम भरली आणि खातं बंद केलं. नो ड्यूज सर्टिफिकेट त्याच आठवड्यात मेलवर आलं, तेव्हा म्हटलं वा, काय तत्परता!

आता लेकीजवळ पुण्याला राहायला जायचं म्हणून घर विकायला काढलंय. गिऱ्हाईक चांगलं मिळालं. विसार घेतला, साठेखत (विक्रीचा करार) झालं. घेणाऱ्यांना त्यांच्या बँकेकडून कर्ज काढायचं आहे, आणि त्यांची बँक म्हणते की मूळ खरेदीखत, आधीच्या मालकाचं खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा) समोर ठेवा, मग पुढचं बोलू. बरोबरच आहे त्यांचं. पण आमची मूळ कागदपत्रं आमच्या बँकेकडे, आणि ती साताऱ्यात नाहीत. कुठे आहेत ते कुणी सांगत नाही.

शाखेत गेलं की 'मे आय हेल्प यू'ची पाटी दिसते. पाटीमागे खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी स्वेटर, माणूस नाही. टोकनच्या मशीनवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी, तीसुद्धा आता पिवळी पडली. कर्ज विभागात एकच मुलगी. मोबाईल मानेत धरून एकाशी बोलते, हाताने दुसऱ्याचा फॉर्म भरते आणि माझ्याकडे न बघता म्हणते, "मॅडम, रिक्वेस्ट टाकलीय, वरून आलं नाही अजून." वरून म्हणजे? "पुण्याहून." पुण्याला फोन केला तर म्हणतात शाखेत विचारा. टोल फ्रीवर तक्रार नोंदवली. नंबर मिळाला. दोन दिवसांनी एसएमएस आला की आपल्या तक्रारीचं निवारण करण्यात आलं आहे, आमची सेवा कशी वाटली ते एक ते पाचमध्ये सांगा.

मॅनेजर साहेब एकदा सापडले. चहा मागवला, फार गोड बोलले, "काकू, तुमचं काम माझं काम" म्हणाले आणि उठताना ग्रॅच्युइटीतले उरलेले पैसे एका 'गॅरंटीड' विमा योजनेत टाकायचा सल्ला दिला.

शेवटी लेखी अर्ज नेला. पोच द्यायला कुणी तयार नाही. का, तर इनवर्डचा शिक्का कपाटात, आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. "ठेवून जा, मी बघतो." ठेवला नाही, परत घेऊन आले.

साठेखताची मुदत पुढच्या महिनाअखेर संपते. विसार परत द्यायची वेळ आली तर? कुणाला असा अनुभव आहे का, आणि यातून कागद हातात कसे पडले?

पोवईनाका

कागद नाहीत म्हणजे कसलं मर्दा! पैसे थकले असते तर घरावर नोटीस चिकटवायला दोन माणसं आली असती. वाचतोय.

कंदी पेढा

नाव लिहा की बँकेचं. घाबरायचं काय त्यात?

संपादक

नाव लिहू नये. धाग्याचा विषय कागदपत्रं कशी मिळवायची हा आहे, तिथेच राहू या.

वकीलीणबाई

कण्हेरताई, हे नीट वाचा आणि प्रिंट काढून पर्समध्ये ठेवा.

रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी परिपत्रक काढलंय. वैयक्तिक कर्ज (यात गृहकर्जही आलं) पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेने मालमत्तेची मूळ कागदपत्रं परत करायची आणि कुठल्याही नोंदणीत चढवलेला बोजाही (कर्जाची नोंद) काढायचा. उशीर झाला तर कारण कळवायचं. आणि उशीर बँकेमुळे झाला असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. समजा ४० दिवस उशीर झाला, तर दोन लाख. ३० दिवसांची मोजदाद कर्ज फिटल्या दिवसापासून होते, तुम्ही अर्ज दिल्या दिवसापासून नाही. परत मिळवण्यासाठी अर्ज केलाच पाहिजे असं त्यात कुठेही नाही.

कागदपत्रं कुठून घ्यायची हेही तुम्ही ठरवायचं: ज्या शाखेत कर्ज होतं तिथून, किंवा जिथे कागद आहेत त्या कार्यालयातून. तुम्हाला साताऱ्यातच हवीत तर पुण्याला हेलपाटा मारायची गरज नाही.

कण्हेर

बापरे, रोजचे पाच हजार? हे शाखेत कुणी बोललं नाही. पण कुठेतरी वाचून आमच्या शेजाऱ्यांनी विचारलं होतं, तेव्हा "ते नवीन कर्जांना आहे, तुमचं जुनं" असं उत्तर मिळालं.

वकीलीणबाई

चूक. १ डिसेंबर २०२३ला किंवा त्यानंतर ज्यांची कागदपत्रं परत द्यायची वेळ आली त्या सगळ्यांना लागू आहे. कर्ज २००५चं असलं तरी. फेडलं कधी ते बघायचं.

निवृत्त काउंटर

मी या धंद्यात आयुष्य काढलंय (बँक वेगळी), म्हणून आतली बाजू लिहितो. राग आला तर येऊ द्या.

त्या मुलीला झोडपू नका. पूर्वी कर्जाची फाईल शाखेच्या स्ट्राँगरूममध्ये असायची. किल्ल्या दोघांकडे, रजिस्टरात नोंद, कर्ज फिटलं की त्याच दिवशी पाकीट हातात. आता मोठ्या बँकांनी कर्जाचं काम केंद्रीय कार्यालयात नेलं आणि कागद कंत्राटी कंपनीच्या गोदामात. शाखेतली मुलगी संगणकावर मागणी टाकते. ती मागणी विभागीय कार्यालय मंजूर करतं, मग गोदामाला जाते, तिथे पेटी शोधतात, मग कुरियर. यातलं एकही टप्पा तिच्या हातात नाही. तिला विमा, कार्ड, नवीन खाती यांचं टार्गेट मात्र रोज संध्याकाळी विचारलं जातं. तुमच्या पाकिटाबद्दल तिला वरून कुणीही विचारत नाही. जे विचारलं जात नाही ते काम मागे पडतं, माझ्या वेळीही पडायचं.

म्हणून उपाय एकच: वरून विचारणा होईल असं काहीतरी करा. तोंडी चौकशीचा बँकेत कुठेही माग राहत नाही. मॅनेजरची तीन वर्षांत बदली होते, नवीन येतो तो "मला कल्पना नाही" म्हणतो आणि तो खोटंही बोलत नसतो. तारीख असलेला, पोच असलेला कागद मात्र ऑडिटमध्ये सापडतो. शिक्का द्यायला टाळाटाळ होते ती त्यासाठीच. शिक्का बसला की अर्ज आलाच नव्हता असं म्हणता येत नाही.

दुसरं: कर्ज घेताना कागद जमा केले त्याची यादी तुम्हाला दिली असेल. शोधा. ती सापडली की अर्धं काम झालं.

अपशिंगे फौजी

काउंटरसाहेबांशी सहमत. अवांतर लिहितो. आमच्याकडे घरटी फौजी, पेन्शनचं काम पूर्वी बँक करायची, आता बऱ्याच जणांचं 'स्पर्श'वर (संरक्षण खात्याची पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) गेलं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला म्हातारे अजून जुन्या सवयीने बँकेत जातात, तिथं त्यांना "आमच्याकडे नाही" सांगून बाहेर काढतात. कुठे द्यायचा ते सांगायला कुणाचं तोंड दुखतं का? चेहऱ्यावरून मोबाईलवर होतो, पोस्टमन घरी येऊनही करतो. मी गावात पारावर बसून करून देतो. म्हातारी माणसं आशीर्वाद देतात, बँकवाले चहा देतात. चहा नको म्हणतो.

मिरजेचा तंबोरा

अवांतराला अवांतर. आमची सांगली बँक होती तेव्हा असं नव्हतं. १९१६ सालची. काउंटरवरचा माणूस नावानं हाक मारायचा, पिताश्रींची सही दुरून ओळखायचा. २००७ला विलीन झाली आणि ते सगळं संपलं.

पोवईनाका

आणि आमची युनायटेड वेस्टर्न! साताऱ्यात मुख्यालय असलेली बँक. चिरमुल्यांनी १९३६ साली काढलेली. साताऱ्याची माणसं, साताऱ्याचाच पैसा. २००६ला गेली.

निवृत्त काउंटर

पोवईनाका, आठवणी छान आहेत, मलाही येतात. पण ती बँक का गेली तेही लिहा. थकीत कर्जं वाढली, भांडवल पुरेना, सप्टेंबर २००६ला रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून केंद्र सरकारने मोरेटोरियम लावला आणि लोकांना आपलेच पैसे मर्यादेत काढावे लागले. नावानं हाक मारणारी बँक म्हणजे सुरक्षित बँक नव्हे. मोठी बँक बुडणार नाही म्हणून आपण तिकडे गेलो, त्यातली ही गैरसोय आहे. दोन्ही एकदम कुठे मिळालं तर मलाही कळवा.

मिरजेचा तंबोरा

मान्य. तरी सही ओळखायचा हो!

कण्हेर

यादी सापडली! लग्नाच्या शालूच्या पेटीत होती, बँकेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट. खरेदीखत, आधीच्या मालकाचं खरेदीखत, इंडेक्स टू, बिगरशेती आदेशाची प्रत, सगळं एकेका ओळीत.

आता अर्ज कसा पाठवू? पोच देत नाहीत तर?

कंदी पेढा

रजिस्टर एडी करा. सरकारी खात्याला तेवढंच कळतं.

पोवईनाका

रजिस्टर पोस्ट राहिलं कुठं? २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन केलं. स्पीड पोस्ट करा, पावती जपा, पोचल्याचा पुरावा हवा म्हणून काउंटरवर सांगा. मुख्य पोस्टात लवकर जा, दुपारी तिथंही रांग.

वकीलीणबाई

स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही. मेल शाखेला, विभागीय कार्यालयाला आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, त्यांचा पत्ता बँकेच्या साइटवर असतो. अर्ज छोटा ठेवा. साधारण असा:

"माझे गृहकर्ज खाते क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी पूर्ण फेडले आहे, नो ड्यूज सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. सोबतच्या यादीतील मूळ कागदपत्रे रिझर्व्ह बँकेच्या दि. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार ३० दिवसांत परत मिळणे आवश्यक होते, ती मिळालेली नाहीत. ती सातारा शाखेतून मला द्यावीत, मालमत्तेवरील बोजा काढल्याचा पुरावा द्यावा, विलंबाचे कारण लेखी कळवावे आणि परिपत्रकाप्रमाणे दररोज ५,००० रुपये दराने भरपाई माझ्या खात्यात जमा करावी."

बस. रामायण लिहू नका. साठेखत, लेक, पुणे यातलं काहीही नको. तो तुमचा प्रश्न आहे, त्यांच्यावर जबाबदारी येते ती परिपत्रकातून.

शेंद्र्याचा शेतकरी

ताई, एक सांगू का? पैशाचं काढू नका. आधी गोड बोलून कागद काढून घ्या, मग बघा. मॅनेजर बिथरला तर पाकीट अजून सहा महिने सापडणार नाही. आपली कामं त्यांच्याकडंच असतात, उद्या पीककर्जाला जायचंय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?

वकीलीणबाई

तुमची भीती खोटी नाही, पीककर्जवाल्याची अडचण मला माहीत आहे. पण इथे कर्ज फिटलेलं आहे, हात अडकलेले नाहीत. आणि भरपाई हा शब्द अर्जात आल्याशिवाय ती फाईल विभागीय कार्यालयात कुणाच्या टेबलावर वर येणार नाही. गोड बोलून तर त्या आजवर चहाच पिऊन आल्या.

निवृत्त काउंटर

बाईंचं बरोबर. रोजचा आकडा चालू आहे हे दिसलं की विभागीय साहेब स्वतः फोन करतो. शाखेचा खर्च म्हणून तो आकडा त्याच्या नावावर लागतो.

अजून एक, हे विसरू नका. पाकीट आलं की तिथेच फोडा. यादीशी एकेक कागद ताळा करा, खरेदीखताची पानं मोजा, दस्त क्रमांक बघा. त्याआधी कशावरही सही नको. "घरी जाऊन बघा निवांत" असं म्हणतील. नाही म्हणा.

कण्हेर

पाठवलं सगळं. विभागीय कार्यालयाचा फोन आला, मराठीत, अदबीने. "मॅडम, पाकीट निघालंय."

पोवईनाका

नाद नाय! पेढे तयार ठेवा.

कण्हेर

पेढे राहू द्या.

शाखेतून बोलावणं आलं, गेलो दोघं. त्याच मुलीने पाकीट पुढे केलं, वर आमचा कर्ज खाते क्रमांक, आमचं नाव, सगळं बरोबर. पोचपावतीवर आधी बोट ठेवलं, "इथे सही करा मॅडम." काउंटरसाहेबांचं आठवलं. म्हटलं आधी फोडते. ती म्हणाली सील्ड आहे मॅडम, आम्ही पण फोडत नाही. म्हटलं मी फोडते ना.

आत कोरेगाव तालुक्यातल्या कुणा गृहस्थांचं खरेदीखत! गट नंबर वेगळा, नाव वेगळं, फोटोतला माणूस वेगळा. मुलीचा चेहरा उतरला. खरंच वाईट वाटलं तिचं, तिने काही केलेलं नव्हतं. मॅनेजर साहेब केबिनमधून धावत आले, यावेळी विम्याचं काही बोलले नाहीत.

आम्ही तिथेच बसून लिहून घेतलं की अमुक तारखेला दिलेल्या पाकिटात आमची कागदपत्रं नव्हती, दुसऱ्याची निघाली, ती शाखेला परत केली. शिक्का मारला. कपाट उघडं होतं.

अपशिंगे फौजी

त्या कोरेगावच्या माणसाला कुणी सांगितलं का? त्याचं पाकीट आता तुमच्या नावावर फिरतंय.

कण्हेर

शाखेला सांगितलं. कळवतो म्हणाले. मला त्यांचा पत्ता दस्तात दिसला होता, पण तो उतरून घेणं बरं वाटलं नाही.

वकीलीणबाई

योग्य केलंत. आता हा लेखी कागद सोन्याचा आहे, उशीर बँकेमुळे झाला हे त्यांनीच लिहून दिलं.

कागद हरवले असं उद्या म्हणाले तर तेही परिपत्रकात आहे: नक्कल किंवा प्रमाणित प्रत मिळवायला बँकेने मदत करायची, खर्च बँकेचा, त्यासाठी त्यांना ३० दिवस जास्त मिळतात. म्हणजे भरपाई ६० दिवसांनंतर धरतात. इंडेक्स टू आयजीआरच्या (नोंदणी खात्याच्या) साइटवरूनही काढता येतो, तेवढा तुमच्या गिऱ्हाइकाच्या बँकेला आत्ताच द्या म्हणजे त्यांचं काम थांबणार नाही. दुय्यम निबंधकांकडून खरेदीखताची प्रमाणित प्रतही काढून ठेवा.

कण्हेर

घेणारे भले निघाले. साठेखताची मुदत वाढवून दिली, पुरवणी करारावर सह्या केल्या. म्हणाले, "काकू, आम्हीही तुमच्याच बँकेकडून कर्ज घेणार होतो, आता दुसरीकडे अर्ज टाकलाय."

पोवईनाका

हा खरा फीडबॅक. एक तारा.

कण्हेर

मिळाले! यादीतला प्रत्येक कागद आहे, पानं मोजली. खरेदीखताला एका कोपऱ्यावर पाण्याचा डाग आहे, पण वाचता येतंय. मी पोचपावतीवर तारीख घातली आणि डागाबद्दलही लिहिलं. मुलगीच म्हणाली, "लिहा मॅडम, बरं असतं." शेवटी तिला एक पेढ्याचा बॉक्स दिला. ती वर पाठवत राहिली असणार, नाहीतर तेवढंही हललं नसतं.

भरपाईबाबत मात्र उत्तर आलंय की ग्राहकाने अर्ज उशिरा दिल्याने विलंब झाला, सबब भरपाई देय नाही.

वकीलीणबाई

अपेक्षित. अर्जाची अटच नाही, हे वर लिहिलंय. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार फुकट असते. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन किंवा चंदीगडच्या केंद्राला पोस्टाने. शंका असेल तर १४४४८ ला फोन करा. बँकेकडे आधी लेखी तक्रार झालेली हवी आणि एकतर ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर मान्य नाही, असं हवं. तुमचं दुसऱ्या प्रकारात बसतं, म्हणून थांबायची गरज नाही. मुदत ठरलेली असते, म्हणून बँकेच्या उत्तरानंतर उशीर करू नका. मला वकील म्हणून त्यात तुमच्या वतीने तक्रार करता येत नाही, तुम्हीच करायची, आणि ते बरंच आहे, माझी फी वाचली. नाहीच जमलं तर साताऱ्यातलं जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण दोन्हीकडे एकाच वेळी नको.

जोडायचं काय: नो ड्यूज, यादी, स्पीड पोस्टची पावती, चुकीच्या पाकिटाचा तो लेखी कागद, बँकेचं नकाराचं पत्र. एकाच पीडीएफमध्ये, तारखेच्या क्रमाने.

आणि बोजा! सातबाऱ्यावर 'इतर हक्क'मध्ये बँकेचं नाव आहे ना अजून?

कण्हेर

आहे. आजच काढून बघितला. तक्रार टाकली आहे, नंबर आला. यावेळी 'निवारण झाले' असा एसएमएस लगेच आलेला नाही, हेच बरं लक्षण म्हणायचं.

वकीलीणबाई

बँकेचं बोजा कमी करण्याचं पत्र घ्या आणि तलाठ्याकडे फेरफाराला द्या, ई-हक्कवरूनही अर्ज होतो. फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो, खरेदीखताच्या तारखेआधी करून घ्या. सेरसाईच्या (तारण मालमत्तांच्या) केंद्रीय नोंदीत बँकेने कर्ज मिटल्याचं टाकलंय का तेही विचारा. घेणाऱ्यांची बँक तिथे बघतेच.

शेंद्र्याचा शेतकरी

माझं ऐकलं नाही ते बरं झालं म्हणायचं. ताई, माझ्या भावाचं सोनेतारण एका पतसंस्थेत आहे, पैसे भरले तरी दागिने देईनात, आज या उद्या या. त्यालाही हे रोजचे पाच हजार लागू होतील का? लोकपालाकडं जाता येईल?

वकीलीणबाई

नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यामुळे परिपत्रकही नाही आणि लोकपालही नाही. सहकार खात्याच्या निबंधकांकडे लेखी तक्रार करा, ग्राहक आयोगही आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, पावत्या काय काय आहेत ते लिहा. इथे दोन्हीची गल्लत झाली की नंतर वाचणारा चुकीच्या दारात जाऊन उभा राहील.